बुडी आणि बुडणे

बुडी मारणे आणि बुडणे या दोन क्रियापदांचे मूळ एकच आहे. पहिल्यात माणूस परत वर येणार हे गृहीत धरलेले असते, दुसऱ्यात तसे काही गृहीत नसते. चाळिशी ओलांडल्यावर मी स्कूबा डायव्हिंग शिकले. पुस्तकांतल्या व्याख्या, तक्ते, हातांच्या खुणा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी मोठ्याने म्हणायच्या याद्या हा सगळा पसारा पाठ करताना मला हळूहळू कळत गेले की या एवढ्याशा फरकाची राखण करण्यासाठीच तो जमवलेला आहे. पाण्याखाली बोलता येत नाही. तोंडात हवेच्या सिलिंडरला जोडलेला रेग्युलेटर असतो, आणि ओरडले तरी ओरडणारा कोणत्या दिशेला आहे हे कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपट वेगाने धावतो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणी आदळतो. म्हणून जे काही बोलायचे ते वर असतानाच बोलून ठेवावे लागते. डायव्हिंगची परिभाषा म्हणजे असे आधीच बोलून ठेवलेले बोलणे होय.

पहिल्या वर्गात प्रशिक्षकांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिले होते : श्वास कधीही रोखायचा नाही. हे वाक्य वाचायला सोपे असले तरी अंगी बाणवायला फार अवघड आहे, कारण पाणी दिसले की नाक दाबायचे आणि दम कोंडायचा, हे आपण लहानपणीच शिकलेलो असतो. त्यात आपल्या भाषेत दम या शब्दावर सगळीच कामे सोपवलेली आहेत. दम लागतो, दम खातो, दम देतो, आणि कोणी उतावीळ झाले की त्याला ‘जरा दम धर’ असे सांगतो. घाबरलेले शरीर हा सल्ला शब्दशः घेते आणि पहिल्याच क्षणी श्वास धरून ठेवते. पाण्याखाली दम धरायचा असतो तो धीर या अर्थाने. श्वास मात्र सतत, संथ, आत-बाहेर चालू राहिला पाहिजे.

याचे कारण रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेल्या नियमात आहे. तापमान स्थिर असेल तर दाब दुप्पट झाल्यावर हवेचे आकारमान निम्मे होते. समुद्रसपाटीला आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो आणि समुद्राच्या पाण्यात दर 10 मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3 आणि 30 मीटरवर 4. इतक्या दाबाखाली छाती फुगवून श्वास घ्यायचा तर आत येणारी हवाही तेवढ्याच दाबाची असावी लागते, आणि रेग्युलेटरचे सगळे कौशल्य एवढेच आहे की छाती मागेल तेव्हा, मागेल तेवढी, त्या खोलीच्या दाबाची हवा तो देतो. फ्रेंच नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी 1943 मध्ये हे उपकरण सिद्ध केले तेव्हा त्याचा आधार होता युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे गॅसवर चालवलेल्या मोटारींसाठी गान्याँने बनवलेली एक झडप. मोटारीच्या इंजिनाला लागेल तसा गॅस देणारी वस्तू माणसाच्या फुप्फुसाला लागेल तशी हवा देऊ लागली, हे मला आजही गमतीचे वाटते.

परंतु याचाच अर्थ असा की 10 मीटरवर घेतलेल्या एका भरल्या श्वासात पृष्ठभागावरच्या दोन श्वासांची हवा असते. घसा बंद करून वर आल्यास ती हवा दुप्पट जागा मागते, फुप्फुस तेवढे ताणू शकत नाही, आणि फाटलेल्या ऊतींतून निघालेले बुडबुडे रक्तातून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. त्यासाठी फार खोल जावे लागत नाही. पूर्ण भरलेल्या छातीने जेमतेम सव्वा मीटर वर येणेही पुरेसे ठरू शकते. म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या तळाशी सराव करणारी व्यक्तीही या नियमातून सुटत नाही. शिकण्यापूर्वी माझी समजूत अशी होती की धोका खोलीत असतो आणि वर येऊ तशी सुरक्षितता वाढते. हिशोब नेमका उलटा निघाला. 30 मीटरवरून 20 मीटरवर येताना हवा एक तृतीयांशाने वाढते, तर शेवटच्या 10 मीटरमध्ये ती दुप्पट होते. जिथे ऊन दिसू लागते आणि माणसाचे मन सैलावते, तिथेच हवा सर्वांत वेगाने फुगत असते.

उतरताना हाच नियम कानांना जाणवतो. मधल्या कानातली हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो, म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर द्यायची. ही रीत आंतोनियो वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने 1704 मध्ये कानावरील आपल्या ग्रंथात वर्णिली, ती कान स्वच्छ करण्याच्या हेतूने. दुखू लागण्याआधीच कान मोकळे करावेत, दुखले तर एखादा मीटर वर यावे, आणि सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरूच नये. यात चर्चेला जागा नाही, तरी सर्वाधिक हुज्जत मी याच बाबतीत ऐकली आहे, कारण सुट्टी काढून, पैसे भरून आलेल्या माणसाला एका नाकासाठी परत फिरणे लाजिरवाणे वाटते.

दुसरे मोठे प्रकरण नायट्रोजनचे. दाबाखाली श्वास घेत राहिले की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळत जातो, आणि दाब झपाट्याने कमी झाला की तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. या आजाराला डायव्हर ‘बेंड्स’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा उगम समुद्रात नाही, पुलाच्या पायात आहे. 1870 च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुईस येथे मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्सचा पूल बांधला जात होता. नदीच्या तळाशी, दाबाची हवा भरलेल्या कोठ्यांमध्ये मजूर खोदकाम करीत आणि पाळी संपवून वर आले की सांध्यांच्या वेदनेने वाकून चालत. त्या काळी तिथल्या फॅशनेबल स्त्रियांमध्ये किंचित पुढे झुकून उभे राहण्याची ‘ग्रेशियन बेंड’ नावाची ढब होती. सोबत्यांनी वाकलेल्या मजुरांना तीच उपमा देऊन चिडवले आणि त्या चिडवण्याचे वैद्यकातले नाव झाले. काही वर्षांतच ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच आजाराने जायबंदी झाला आणि त्याची पत्नी एमिली त्याच्या सूचना कामावर पोहोचवीत राहिली. कारण कळायला 1878 उजाडले, जेव्हा पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे नायट्रोजनचे बुडबुडे असल्याचे दाखवून दिले.

उपाय सापडला तो शेळ्यांमुळे. जॉन स्कॉट हाल्डेन याने ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून पाहिले की किती दाबावरून किती वेगाने बाहेर काढल्यास त्यांना त्रास होत नाही. शेळीला सांधा दुखतो हे सांगता येत नाही; ती पुढचा पाय उचलून धरते. त्या उचललेल्या पायांच्या नोंदींवरून 1908 मध्ये डायव्हरांसाठी टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते प्रसिद्ध झाले. शरीराचे काही भाग नायट्रोजन लवकर शोषतात आणि काही सावकाश, म्हणून त्याने 5 ते 75 मिनिटांच्या अर्धकाळांचे, म्हणजे निम्मे भरायला तेवढा वेळ घेणारे, पाच काल्पनिक कप्पे मानले होते. आज माझ्या मनगटावर जे डाइव्ह कॉम्प्युटर असते ते कप्प्यांची संख्या वाढवून मूलतः तेच गणित करीत असते. त्याला माझी खोली आणि वेळ ठाऊक असते. काल रात्री मी किती झोपले, पाणी किती प्यायले, हे त्याला ठाऊक नसते.

या शास्त्रात सगळेच शास्त्रातून आलेले नाही, हेही सांगायला हवे. वर येण्याचा वेग अनेक दशके मिनिटाला 60 फूट, म्हणजे सुमारे 18 मीटर, मानला जात होता, आणि त्यामागे कोणताही प्रयोग नव्हता. अमेरिकी नौदलात 1950 च्या दशकात हलक्या साधनांनी पोहणाऱ्या तुकड्यांना याहून कितीतरी अधिक वेग हवा होता, तर जड शिरस्त्राण घालून दोराने ओढल्या जाणाऱ्या पाणबुड्यांना तो झेपणारा नव्हता. दोघांत तडजोड झाली ती सेकंदाला एक फूट या सोप्या आकड्यावर. पुढे जाणकारांचा कल मिनिटाला 9 मीटरकडे वळला. जीव ज्यावर अवलंबून आहे असा आकडा एखाद्या बैठकीतल्या देवाणघेवाणीतून येऊ शकतो, हे कळल्यापासून मी मर्यादांच्या काठावर जाऊन उभी राहत नाही.

‘नो-डीकॉम्प्रेशन लिमिट’ हा शब्दप्रयोगही मला याच कारणासाठी फसवा वाटतो. वाटेत सक्तीचे थांबे न घेता सरळ वर येता येईल अशी ती वेळेची मर्यादा आहे. हौशी डायव्हरांमध्ये रुळलेल्या एका तक्त्यात ती 18 मीटरला 56 मिनिटे आणि 30 मीटरला 20 मिनिटे आहे. पण खरे तर वर येणे म्हणजेच डीकॉम्प्रेशन, शरीरावरचा दाब उतरणे, आणि त्याशिवायची बुडी असूच शकत नाही. आणि मर्यादा म्हणावे तर अलीकडे अभय आणि पलीकडे अपघात अशी ती भिंतही नाही, कारण 55 व्या मिनिटाला वर आलेल्यालाही बेंड्स झाल्याची उदाहरणे आहेत. साधारण चौघांपैकी एका प्रौढाच्या हृदयात जन्मापासूनचे एक छोटे छिद्र पूर्ण बुजलेले नसते, आणि बुडबुडे त्यातून फुप्फुसाची गाळणी चुकवून पलीकडे जाऊ शकतात. बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही.

म्हणून सेफ्टी स्टॉप. 5 मीटरवर 3 मिनिटे थांबायचे, एवढाच तो विधी. ऐकताना क्षुल्लक वाटणारी ही तीन मिनिटे सुरुवातीला मला पूर्ण बुडीपेक्षा कठीण गेली. आधी मी दोराला दोन्ही हातांनी लोंबकळत असे आणि लाटेबरोबर वर-खाली होत असे. मग एके दिवशी दोर सोडून, नुसत्या श्वासावर, त्या खोलीत टिकून राहण्याचा प्रयत्न केला. तरंगायचे नाही आणि बुडायचेही नाही, या अवस्थेला न्यूट्रल बॉयन्सी म्हणतात. श्वास घेतला की छाती फुगून शरीर क्षणभराने हळूच वर सरकते, सोडला की खाली उतरते, आणि यातला तो क्षणभराचा विलंब ओळखता आला की हातपाय हलवावेच लागत नाहीत. मनगटावरचा आकडा 5.2 होई, 4.8 होई, पुन्हा 5.1. माझ्याच बुडबुड्यांतले सर्वांत बारीक बुडबुडे डोळ्यांसमोरून सावकाश वर जात, आणि त्यांच्या पुढे जायचे नाही ही जुन्या डायव्हरांची शिकवण मला तिथे पटली. सुरुवातीच्या एका बुडीत मात्र मला तिथे थांबता आले नव्हते. भरलेल्या 12 लिटरच्या सिलिंडरमधल्या हवेचे वजन तीन किलोच्या आसपास असते, ती संपत आली की शरीर तेवढे हलके होते, आणि पाण्याखाली राहता यावे म्हणून कमरेला शिसे बांधताना मी भरल्या सिलिंडरचा हिशोब केला होता. पाच मीटरवर एखाद्या बुचासारखी मी वर फेकली गेले. काही झाले नाही, पण त्यानंतर शिशाचा अंदाज मी रिकामे होत आलेले सिलिंडर धरून करते.

हवेचा हिशोब मात्र कोणालाही तोंडी करता येतो. एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरणाचा दाब, तेव्हा 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने भरलेली हवा म्हणजे 2400 लिटर. शांतपणे मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल, 10 मीटरवर एक तास आणि 30 मीटरवर अर्धा तास. त्यातून 50 बार हात न लावता राखून ठेवायची म्हटल्यावर 30 मीटरवरची वेळ साडेबावीस मिनिटांवर येते. आणि घाबरलेला माणूस मिनिटाला 20 लिटरवर राहत नाही.

माझा बडी म्हणजे पाण्यातला जोडीदार, वयाने माझ्याहून मोठा, निवृत्त माणूस आहे. दर वेळी नाव निघण्यापूर्वी तो माझ्या अंगावरचा एकेक पट्टा ओढून पाहतो आणि मी त्याचा; याला बडी चेक म्हणतात. पन्नासएक बुड्या झाल्यावर मला त्याचा कंटाळा येऊ लागला होता. एके सकाळी मी रेग्युलेटरमधून एक श्वास घेतला, व्यवस्थित आला, आणि ‘झाले’ अशी खूण केली. तो म्हणाला, “अगं, श्वास घेताना काट्याकडे बघ.” मी दाबमापक डोळ्यांसमोर धरून श्वास घेतला. काटा 200 वरून 150 च्या खाली गेला आणि श्वास संपताच परत 200 वर आला. दुसरा श्वास, पुन्हा तेच. सिलिंडरची झडप जेमतेम पाव आटा उघडी होती, आणि ती तशी ठेवणारी मीच होते. पृष्ठभागावर त्या फटीतून पुरेशी हवा येत होती. 20 मीटरवर प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागली असती आणि ती आली नसती. सिलिंडर भरलेले, मापक 200 दाखवणारे, आणि छातीत हवा नाही, अशा स्थितीत मी काय केले असते याचा विचार मी त्या दिवशी नावेत बसून बराच वेळ केला. त्याने झडप पूर्ण उघडली आणि पुढे माझ्या कमरपट्ट्याची कडी तपासली.

कमरपट्ट्याचे बक्कल एका हाताने, एका झटक्यात सुटले पाहिजे हा नियम त्या यादीत का आहे, तेही सांगते. पाण्यात मृत्यू आलेल्या डायव्हरांच्या नोंदी पाहणाऱ्यांना पुन्हा पुन्हा आढळले आहे की शिसे त्यांच्या अंगावर तसेच होते. सोडले असते तर ते पृष्ठभागावर तरंगत राहिले असते. पण सोडायचे असते हे त्या क्षणी आठवायला आधी शेकडो वेळा हाताने ते केलेले असावे लागते.

ब्रिटिश डायव्हरांनी 1970 च्या दशकात ‘इन्सिडेंट पिट’ नावाची एक कल्पना मांडली, आणि सगळ्या परिभाषेत मला ती सर्वांत मोलाची वाटते. अपघाताचा खड्डा विहिरीसारखा सरळ नसतो. त्याची कड इतकी उथळ असते की आपण उताराला लागलो हे कळतही नाही, आणि जसजसे आत जावे तसतसा उतार तीव्र होत जातो. कडेवर असताना दोन पावलांत बाहेर पडता येते, मध्यावर दुसऱ्याचा हात लागतो, तळाशी काहीच उरत नाही. आपल्याकडे ‘बुडत्याचा पाय खोलात’ म्हणतात ते हेच, फक्त म्हण बुडू लागलेल्याबद्दल बोलते आणि ही कल्पना त्याच्या कितीतरी आधीच्या, अजून हसत असलेल्या माणसाबद्दल बोलते.

ती कड मी एकदा जवळून पाहिली आहे. 17 मीटरवर माझ्या मास्कचा पट्टा सैल झाला आणि आत थोडे पाणी आले. ते नाकाने फुंकून काढणे हा पहिल्या आठवड्यातला धडा, मी काढले. पट्टा नीट करण्यासाठी थांबले, त्यात अर्धे मिनिट गेले. मान वर केली तेव्हा बडी दिसत नव्हता. तो पुढे गेला असेल असे धरून मी प्रवाहाविरुद्ध जोरात पाय मारू लागले, दम लागला, श्वास उथळ झाला, मास्कमध्ये पुन्हा पाणी आले, आणि मापक पाहिले तर 90 बार, जिथे माझ्या अंदाजाने 120 असायला हवे होते. यांतली एकही गोष्ट स्वतंत्रपणे संकट नव्हती. नियम असा आहे की जोडीदार दिसेनासा झाला तर जागच्या जागी एक मिनिट चहूकडे पाहावे आणि नंतर, तो नाहीच दिसला तर, दोघांनीही वर यावे. मी पोहणे थांबवले, एक लांब श्वास सोडला आणि मिनिट मोजले. मग ठरलेल्या वेगाने वर आले. माझ्यापासून वीसएक मीटरवर तोही त्याच मिनिटाला वर येत होता. या भेटीची जागा आम्ही ठरवलेली नव्हती. वेळ मात्र ठरलेली होती.

खोलीच्या नशेबद्दल, म्हणजे नायट्रोजन नार्कोसिसबद्दल, थोडक्यात सांगते, कारण हौशी डायव्हरांची कमाल मर्यादा 40 मीटर असल्याने तिची गाठ थोडीशीच पडते. साधारण 30 मीटरपासून विचार मंदावतो, आणि ज्याचा मंदावतो त्याला आपण छान आहोत असेच वाटते. काही मीटर वर आले की ती उतरते. अधिक ऑक्सिजनचे मिश्रण, नायट्रॉक्स, घेऊन अधिक खोल जाता येते हा गैरसमजही येथेच दूर करते : 32 टक्के ऑक्सिजन असेल तर सुमारे 33 मीटरखाली तो ऑक्सिजनच विषारी ठरू लागतो. नायट्रॉक्सने मिळतो तो वेळ, खोली नाही. आणि विमान पकडायचे असेल तर एका बुडीनंतर किमान 12 तास, अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास थांबावे.

उरली एक खूण. आंगठा वर करणे म्हणजे आपल्याकडे शाबासकी किंवा होकार. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ एवढाच आहे. ठीक आहे हे सांगायला आंगठा आणि तर्जनी जोडून वर्तुळ करायचे असते. नवखे डायव्हर रंगीबेरंगी मासा पाहून खुशीने आंगठा दाखवतात आणि जोडीदार निमूट वर निघतो, कारण या खुणेला प्रश्न विचारायचा नसतो. कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणासाठी बुडी संपवू शकतो आणि त्याला कारण द्यावे लागत नाही, हा करार नावेतच झालेला असतो.

गेल्या वेळी तो आंगठा मी दाखवला. पाणी स्वच्छ होते, हवा भरपूर होती, मास्क कोरडा होता, आणि 16 मीटरवर मला अकारण आत जावेसे वाटेना. बडीने माझ्याकडे पाहिले, स्वतःचा आंगठा वर केला, आणि आम्ही निघालो. 5 मीटरवर तीन मिनिटे थांबलो. तो समोर तरंगत होता आणि त्याच्या बोटाला कुठेतरी खरचटले होते. पाण्याच्या रंगात ते रक्त हिरवट दिसत होते, कारण लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच विरून जातो. नावेत आल्यावर त्याने टॉवेल मागितला, सिलिंडर बांधून ठेवले आणि आपली वही काढून त्या दिवसाची नोंद केली : कमाल खोली 16 मीटर, वेळ 14 मिनिटे, दोघे वर.